रंगाऱ्यानं रंगवलेला ट्रॅक्टर

मला एकोडीला पाठवलं होतं ते ताईचं मन वळवायला. ट्रॅक्टर रंगवायला नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे महिनाभर मी जे काही केलं त्यात त्या पहिल्या कामाचा मागमूसही उरला नाही, आणि त्याबद्दल मला अजून बोलणी खावी लागतात.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही रंगाऱ्याच्या घरातले. आमच्या गावी घरोघरी हातमाग होते, कोशाचं रेशमी कापड निघायचं, आणि त्या कोशाच्या सुताच्या लड्या रंगवून द्यायचं काम आमच्या घरी चालायचं. ताई लग्न होऊन एकोडीला गेली आणि धानाच्या शेतीत अशी मुरली की माहेरी आली तरी पावसाचीच चौकशी करायची. भाऊजी गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी शेजारपाजाऱ्यांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या वर्षी ज्याचा ट्रॅक्टर मोकळा असेल त्याच्या मागे ताई फिरत राहिली. बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांमध्ये, आमच्या बांध्यांमध्ये, चिखलणी व्हायला पंधरा दिवस उशीर झाला, तोवर वाफ्यातली रोपं, आमचे पऱ्हे, म्हातारे झाले, आणि लावणीचा रोवणा कसाबसा उरकला तरी धान निम्मंच पिकलं.

तिचा मुलगा पुण्याला नोकरीत. त्यानं ठरवलं की शेती ठेक्यानं द्यायची आणि आईला पुण्याला न्यायचं. ठेक्यानं घेणारा माणूसही तयार होता. ताईच्या बांध्यांना लागूनच त्याच्या बांध्या, मध्ये फक्त धुऱ्याचा बांध, म्हणून ताई त्यांना धुऱ्यावरचे भाऊ म्हणायची. माणूस सरळ, हात मेहनतीचा. नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ताई हो म्हणत नव्हती.

भाच्यानं मला फोन केला. "मामाजी, ती तुमचं ऐकते. जाऊन राहा महिनाभर, बसा-बोला, समजवा तिला." आता आमच्याकडे भाच्याचा मान फार मोठा. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, भाच्याला आपल्या पाया पडू द्यायचं नाही. हा पाळण्यात होता तेव्हापासून मी याच्या पायावर डोकं ठेवत आलोय. दर दिवाळीला ज्याच्या पाया पडायचं, त्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं पटलं होतं. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, एकटी, पाच एकर धान. मी म्हटलं, "तू काळजीच सोड. पंधरा दिवसांत गाठोडं बांधून तयार करतो तिला."

शिवाय मी रिकामाच होतो. एकेक माग बंद पडत गेला, लड्या तयार रंगवून बाहेरून यायला लागल्या, आणि आमच्या घरची रंगाची भट्टी थंड झाली ती झालीच. घरी मी सकाळचा पेपर दोनदा वाचायचो. दुसऱ्यांदा पेपर उचलला की सूनबाई माझ्याकडे बघायची.

एकोडीला पोचलो तेव्हा ताई कोठ्यात होती. त्या कोठ्यात पूर्वी बैल बांधत. बैल विकले तेव्हापासून तिथे भाऊजींचा छोटा ट्रॅक्टर उभा असायचा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी भाऊजींनी तो तिकडच्याच एका बागवाल्याकडून जुनाच घेतला होता. तिकडे तो पेरूच्या झाडांमधून फिरायचा. इतका बुटका की सीटवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि गावात त्याला सगळे ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणायचे. पण भाऊजींच्या लहान लहान बांध्यांमध्ये तो असा फिरायचा की मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी बघत राहावं. भाऊजी गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ताई त्याच्यावरचं धानाच्या काड्यांचं तणस ओढून काढत होती. केसांत तणस, पदर कमरेला.

"बरं झालं आला," ती म्हणाली. "धर इकडून."

"ताई, मी तुझ्याशी बोलायला आलोय."

"मग बोल ना. तोंडानं बोल, हातानं ढकल."

आम्ही दोघांनी ते धूड ढकलत अंगणात आणलं. उजेडात त्याची दशा पाहून मला मनातून बरंच वाटलं. बॉनेटला गंज, एका मडगार्डला हात जाईल एवढं भोक, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, सीटच्या रेग्झिनच्या चिंध्या. मी मनाशी म्हटलं, संपला विषय.

संध्याकाळी जेवायला वाढताना ताईनं आपली अट सांगितली. "रोवण्याच्या आधी हा सुरू झाला तर मी इथंच. नाई झाला तर पोराकडं जातो. त्याले सांगजो."

मी लगेच कबूल झालो. इतका लगेच की तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. रंग द्यायची कल्पनासुद्धा माझीच. मेलेल्या इंजिनाला काय होणार होतं? पण घासणं-रंगवणं यात तिचे दिवस बरे जातील, रमेल, आणि मग शांतपणे पुण्याला निघेल, असा माझा हिशेब होता. भाच्यालाही फोन करून तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मामाजी, तुम्ही लय हुशार." मीही ते खरं मानलं.

सानगडीहून एक म्हातारे मिस्त्री आले. भाऊजींच्या वेळेपासून तेच यायचे. आल्या आल्या त्यांनी इंजिनाला कान लावला, जणू आतून कुणी बोलणार होतं. मग सायलेन्सर काढून आपटला तेव्हा त्यातून कुंभारमाशीची मातीची घरंच्या घरं बाहेर पडली. मिस्त्री हसले. "एवढे भाडेकरू ठेवल्यावर तो काय बोलंन जी?" इंजिन जाम होतं. त्यांनी वरून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि दोन दिवस तसंच ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी इंजिनाच्या चाकाला हात घालून जोर लावला. बोटभर हललं. पुन्हा लावला, वीतभर हललं.

"मेला नाई जी," मिस्त्री म्हणाले. "झोपून होता."

पंप आणि नोझल काढून ते पिशवीत घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणतो म्हणाले, आणि तोवर पत्रा घासून ठेवायला सांगून गेले. ताईनं त्यांना जाताना गुळाचा चहा दिला आणि वर एक वाटी लाह्या. मला त्या दिवशी चहा कडू लागला.

मग आम्ही घासायला बसलो. कोठ्याच्या सावलीत, ती एका बाजूला तारेचा ब्रश घेऊन, मी दुसऱ्या बाजूला रेगमाल घेऊन. लहानपणी भट्टीवर असेच दोघं दोन बाजूंना बसायचो. एका बांबूवर लडी टाकायची, बांबूचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि रंगात बुडवून फिरवत राहायचं. तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. लग्नातही तिच्या नखांतला निळा रंग निघाला नव्हता, आणि हळद लावणाऱ्या बायका तिला हसत होत्या. मला ते आठवत होतं, पण मी तिथे आठवणी काढायला गेलो नव्हतो. मी कामाला लागलो.

"पुण्याला नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणे."

"माह्या वावरातल्या तळ्यात, बोडीत बी असते."

"नातवंडं रोज डोळ्यांसमोर."

"ते शाळेत जातात ना गा. सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मग शिकवणी."

"आजारी पडलीस तर?"

तिचा ब्रश थांबला. गंजाची लाल भुकटी तिच्या भुवयांवर बसली होती. "आजारी तर तिथं बी पडंन. पण तिथं चांगली असतानी मी करू काय, ते सांग. सून स्वैपाकाले बाई लावते. एक काम सांग मले. एकच."

मी घासत राहिलो. मला पेपर आठवला, आणि सूनबाईची नजर. त्या दिवशी मी मुद्दा पुढे नेला नाही. खरं म्हणजे त्यानंतर कधीच नेला नाही, पण हे मला स्वतःला कळायला अजून आठ दिवस जायचे होते.

घासता घासता मला त्या कामाची गोडी लागली, हे कबूल केलं पाहिजे. गंजाखालून स्वच्छ पत्रा निघाला की जिवाला बरं वाटतं. मडगार्डच्या भोकाला मागून पत्र्याचा तुकडा लावून घेतला, वरून लांबी भरली, वाळल्यावर घासून गुळगुळीत केली. लाल ऑक्साइडचा पहिला हात दिला. ट्रॅक्टरला लावलेली हत्यारांची पेटी काढली तर तिच्या मागे तळहाताएवढी जागा सापडली, जिथे मूळ रंग जसाच्या तसा राहिला होता. कुंकवाच्या जवळचा, पण किंचित पिवळ्याकडे झुकलेला लाल. ताईनं त्यावरून बोट फिरवलं.

"हाच पायजे," ती म्हणाली. "आणला त्या दिवशी याचीच पूजा केली होती मी."

आता विषय माझ्या घरचा होता. मी साकोलीला गेलो. रंगाच्या दुकानदारानं शेडकार्ड पुढे केलं. मी ते बाजूला सारलं. "हे ज्यांना डोळे नाहीत त्यांच्यासाठी," असं म्हणून मी एक लाल, एक पिवळा आणि एक काळा असे तीन डबे मागितले. चाळीस वर्षं मी कागद न बघता रंग लावले होते. गिऱ्हाईक एक धागा आणून देई आणि मी शंभर लड्या त्याच रंगात काढून देई. दुकानदारानं सांगून पाहिलं की तयार लाल आहे, अगदी ट्रॅक्टरचाच आहे. मी त्याच्याकडे कीव करून पाहिलं.

इथे थोडं आमच्या धंद्याचं सांगावं लागेल. ओली लडी नेहमी गडद दिसते. वाळली की दोन पायऱ्या उतरते, पहिल्या धुण्यात आणखी एक. म्हणून रंगारी भांड्यात रंग बघतो तेव्हा तो आजचा रंग बघतच नाही. तो वाळल्यावरचा बघतो, आणि तेवढा गडद करून ठेवतो. हे इतकं अंगात मुरतं की विचारही करावा लागत नाही.

कोठ्यात बसून मी रंग कालवला. काडी बुडवून बाहेर काढली. पेटीमागच्या त्या तुकड्याशी तंतोतंत जुळला. आणि चाळीस वर्षांच्या हातानं आपोआप काळ्याचा डबा उचलला. उतरणार, तेव्हा अजून थोडा. आणखी थोडा.

दोन दिवसांत दोन हात दिले. बॉनेट, दोन्ही मडगार्ड, चाकांच्या रिंगा. हात माझा अजून साफ आहे, एक ओघळ नाही आला. मी मागे सरून पाहिलं. पिकलेल्या जांभळाचा रंग झाला होता.

ताई बाजूला येऊन उभी राहिली. "हा काय रंग गा?"

"ओला आहे. वाळू दे, उतरेल."

दुसऱ्या दिवशी तिनं नख लावून पाहिलं. "वाळला."

"वरून वाळला. आतून ओला असतो."

तिसऱ्या दिवशी मी तो उन्हात काढायला लावला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. धुऱ्यावरचे भाऊ आले, त्यांनी फेरी मारून पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "वेगळाच आहे जी. असा कुणाकडं नाही." मी उन्हात उभा राहून त्या पत्र्याकडे बघत होतो. आता उतरेल, मग उतरेल. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

ताईही रंगाऱ्याचीच पोर. तिच्या एकदम लक्षात आलं आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, मग पायरीला टेकली, पदरानं डोळे पुसायला लागली. "अरे, लडी आहे का ही? पत्रा काय पाणी पिते? वाळ्ळ्यावर उतरंन म्हणते!" मलाही हसू आलं. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं इतके हसलो असू. कान लाल झाले होते माझे, तरी बरं वाटत होतं.

मग ती शांत झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं सगळ्यायचंच असं आहे. आज काय आहे ते पाहातच नाई. उद्या किती उतरंन ते पाहता. माह्याकडं बी तसंच पाहून राहिला ना?"

मी तिथे काहीतरी थाप मारून सुटू शकलो असतो. पण नुकतेच इतके मनापासून हसलो होतो की थाप सुचली नाही. मी सांगून टाकलं. भाच्याचा फोन, पंधरा दिवसांचा वायदा, ट्रॅक्टर सुरू होणार नाही या भरवशावर कबूल केलेली अट, आणि रंगकामात तुला रमवायचं ठरवलं होतं तेही.

ती उठली. "मले वाटलं तू माह्यासाठी आला," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

रात्री ताट वाढून समोर ठेवलं आणि ती परसात निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच. मला इतकी लाज वाटली की मी पिशवी भरली. सकाळची बस जाताना दिसली, तरी पाय निघाला नाही. पिशवी खुंटीला लावून मी कोठ्यात गेलो आणि सीटखालची लोखंडी पाटी घासायला बसलो. ती पाटी कुणाला दिसणारही नव्हती. दुपारी ताई चहा घेऊन आली. कप ठेवला आणि समोरच्या बाजूला बसून तिनं तारेचा ब्रश उचलला. भांडण तिथे मिटलं.

रंग बदलायचं मी म्हणालो, तर तिनं नको सांगितलं. रोवणा तोंडावर आला होता.

मिस्त्री पंप आणि नोझल घेऊन आले त्या सकाळी मी ट्रॅक्टर सुरू व्हावा म्हणून देवाला हात जोडले. तीन आठवड्यांपूर्वी तो मेलेला पाहून सुखावणारा माणूस मीच. बॅटरी तर संपलेलीच होती. धुऱ्यावरचे भाऊ स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून खांद्यावर घेऊन आले. हा ट्रॅक्टर सुरू झाला तर आपल्याला शेती मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी आणली.

मिस्त्रींनी चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"एअर घेतला आहे," ताई म्हणाली.

मिस्त्रींच्या हातचा पाना घेऊन ती खाली वाकली. नळीतली हवा काढायचं काम भाऊजी नेहमी तिलाच सांगायचे, तिची बोटं बारीक म्हणून. तिनं नट सैल केला. आधी फेस आला, डिझेलचे बुडबुडे. ती तशीच वाकून थांबली. फेस संपला आणि स्वच्छ धार लागली तेव्हा तिनं नट आवळला. "आता लावा जी."

ट्रॅक्टर सुरू झाला. आधी काळ्या धुराचा लोट, मग सायलेन्सरमधून उरलेली कुंभारमाशीची माती फाडकन उडून माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली. मग तो एका लयीत धडधडायला लागला. मिस्त्री माझ्याकडे बघून पोट धरून हसत होते. ताई मात्र मडगार्डवर हात ठेवून उभी होती आणि रडत होती. तो आवाज ती दोन वर्षांनी ऐकत होती. मलाही रडू आलं, आणि सदऱ्यावर माती असलेला माणूस रडताना फारच वाईट दिसतो, पण इलाज नव्हता.

भाचा दोन दिवसांनी आला. ठेक्याचा कागद लिहूनच आणला होता त्यानं. धुऱ्यावरचे भाऊ ओसरीवर येऊन बसले, चहा झाला. मी रिवाजाप्रमाणे भाच्याच्या पाया पडलो, उठलो आणि म्हणालो, "हे होणार नाही."

"मामाजी, तुम्हीच तर म्हणाले होते..."

"म्हणालो होतो. चुकलो. मी तिला न बघताच म्हणालो होतो."

भाचा चिडला. चिडण्यात काही वावगं नव्हतं. आईवर त्याचा जीव आहे. त्यानं विचारलं, ती बांधीत पडली, ट्रॅक्टर उलटला, तर फोन कोण करणार? "तिला काही झालं तर पुण्याहून यायला मला एक दिवस लागतो, मामाजी." मी म्हणालो, "तुझी भीती खोटी नाही. पण ती आज काय करू शकते ते एकदा बघ, मग बोल."

ताईनं ट्रॅक्टर सुरू केला, अंगणातून बाहेर काढला, वळवला, परत आणून उभा केला. भाचा बराच वेळ बघत होता. मग तो खाली बसला आणि स्वतः ब्रेक दाबून पाहायला लागला. "ब्रेक ढिला आहे," तो म्हणाला. "नवीन घालून घे. आणि बांधीत एकटी जायचं नाही. हा रोवणा पाहू." कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला. जेवायला थांबला. ताईनं त्याला आग्रह करकरून वाढलं.

आषाढात बोडीचं पाणी बांध्यांमध्ये सोडलं आणि ट्रॅक्टरला लोखंडी चाकं चढवली. ताई पदर खोचून सीटवर बसली. गुडघे हनुवटीला. तेव्हा एक गोष्ट आमच्या लक्षात आली जी आधी यायला हवी होती. ताईनं आयुष्यात ट्रॅक्टर चालवला होता तो फक्त खळ्यावर. धान चुरायला, म्हणजे दाणे सुटे करायला, पेंढ्या गोल पसरतात आणि त्यावरून ट्रॅक्टर गोल गोल फिरवतात. भाऊजी पेंढ्या पलटायचे आणि ही फिरवायची, वर्षानुवर्षं, नेहमी डावीकडे. बांधीत उतरल्यावर तिनं तेच केलं. चौकोनी बांधीत ती गोल गोल फिरत राहिली. मधला चिखल लोण्यासारखा झाला आणि चारही कोपरे जसेच्या तसे.

"ताई, उजवीकडे वळव की!" मी धुऱ्यावरून ओरडलो.

"नाई वळत माह्याच्यानं! डोकं फिरते!"

रोवणाऱ्या बाया पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन उभ्या होत्या, त्या हसून हसून बेजार. ताईही हसत होती. पहिल्या दोन बांध्या झाल्या, तिसरीत ती उतरली. तेवढ्यात धुऱ्यावरचे भाऊ पलीकडून आले. चिखलात काठी रोवून उभे राहिले आणि जरा वेळ बघत राहिले. मग जवळ आले.

"बाई," त्यांनी हाक मारली, "माह्या खालच्या दोन बांध्या करून देता का जी? लय मऊ आहेत, माहा मोठा ट्रॅक्टर तिथं फसते."

ताईनं ट्रॅक्टर थांबवला नाही. गोल फिरून त्यांच्या समोर आली तेव्हा म्हणाली, "परवा. उद्या माहा वरचा तुकडा आहे." आणि पुढे निघून गेली. ते थांबून राहिले. ती पुन्हा फिरून आली.

"मग पुढच्या साली ठेक्याचं..." त्यांनी हलकेच विचारलं.

"पुढच्या साली बी मीच आहे," ताई म्हणाली.

भाऊंनी मान हलवली. परवा सकाळी येतो म्हणाले आणि काठी उपटून चालायला लागले. मी त्यांच्याकडे बघत उभा होतो. माझी पिशवी तिकडे घरी खुंटीला भरलेलीच होती, आणि आज-उद्या निघायचं असं मी मनाशी म्हणत होतो.

"तू काहून उभा राहिला गा?" ताई बांधीतून ओरडली. "ते कोपरे कोण करंन?"

मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि फावडं घेऊन चिखलात उतरलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. दर आषाढात मी एकोडीला जातो. ताई अजून डावीकडेच वळते, आणि कोपरे माझ्याकडे आहेत.